घाटातली हाक

राघोचं वागणं हौसाबाईला बघवत नव्हतं. पाठीमागून कुणी नाव घेतलं की तो जागच्या जागी थिजायचा, पण वळायचा म्हणून नाही. ताटावर बसला की भात चिवडून उठायचा. सुतक फिटून महिना झाला होता.

"भाऊ काय तुझा एकट्याचाच गेला?" ती कडाडायची. "माझ्या पोटचा नव्हता पंढरी? मी गिळते चार घास, तुला काय झालंय?"

बाळकुमच्या मिठागरातलं मीठ बैलांवर लादून हे दोघे भाऊ कल्याणवरून नाणेघाट चढून जुन्नरला जायचे. निघताना हौसाबाई दोघांच्या उपरण्याला चिमूटभर मीठ बांधायची आणि बजावायची, "घाटात मागून हाक आली तर वळायचं नाय. तिथं मेलेले हाका मारतात. वळला तो संपला!" तिच्या सासूनं तिला हेच शिकवलं होतं. सासूचा शब्द तिनं कधी पारखून पाहिला नव्हता.

मागल्या खेपेला पंढरी मागे राहिला, कड्यावरून घसरला. जागीच गेला, असं राघोनं सांगितलं होतं.

एका दुपारी घाटाखालच्या वाडीतली बायजा ठाकरीण विचारत विचारत दारी आली. तिच्या हातात पंढरीचं उपरणं होतं. टोकाची मिठाची गाठ तशीच होती.

"आये, तुझा लेक पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला गावला," ती म्हणाली. "पाय मोडून कपारीत पडलेला. पाणी पाजलं. उन्हं वर येईतो जीव होता."

"जीव होता?" हौसाबाईनं तिच्या हातातलं उपरणं ओढून घेतलं.

"म्हणाला, दादाला लय हाका मारल्या. दादा वळला नाय. आयेनं सांगितलंय, मग तो कसा वळंल? दादाला रागावू नका म्हणाला. मोठा परत खाली आला, तवा सारं आटपलं होतं."

"अगं, पण हाक भुताची असती तर?" हौसाबाईचा हेका अजून सुटेना.

बायजा शांतपणे म्हणाली, "माझा जन्म गेला त्या घाटात. मेलेल्यानं हाक मारलेली मी नाय ऐकली, आये. पडलेल्यानं मारलेली लय ऐकली."

अरेरे! ज्या शब्दानं लेकरं राखायची, त्याच शब्दानं लेकरू मारलं! वाचणाऱ्यांनो, वाडवडलांनी दिलं म्हणून आपणही असलं भय पोरांच्या पदरी बांधतो. ती गाठ सोडून बघावी, आत काय आहे ते. माणसाची हाक ऐकू येऊ देत नाही, ते शहाणपण कसलं?

राघो अंगणात गोण्या शिवत होता. हौसाबाई त्याच्या पाठीशी उभी राहिली.

"राघो!"

त्याचा हात थांबला. मान वळली नाही.

"राघो, मी आहे रे, जिती आहे. वळ!"

तो वळला. तिच्या हातातलं उपरणं त्यानं पाहिलं आणि तोंड झाकून घेतलं.

"किती हाका मारल्या त्यानं?"

"मोजल्या नाय, आये. पार वरच्या वळणापर्यंत येत होत्या."

हौसाबाईनं उपरण्याची गाठ सोडली. मीठ मातीत सांडलं.

"ऐक आता. कान तुझे होते, पण बोळे माझे होते. माझं पाप मी नेईन, तू जेव. आणि घाट चढशील तेव्हा पहिल्याच हाकेला वळायचं. भूत असलं तर असू दे! त्यालाही विचार, बाबा, कुठं लागलंय?"