रघुनाथरावांचे हात

रवींद्र सरांनी एक नंबरचा बारीक ब्रश पाण्यात बुडवला, टोक सरळ केलं आणि चित्रातल्या रघुनाथरावांच्या डाव्या हाताची बोटं पेरापेराने कमी केली. मोकळ्या झालेल्या जागेवर धोतराचा पांढरा ओढला. मग उजवा हात घेतला.

चित्र काढलं होतं सरांच्या बायकोने, विजयाबाईंनी, लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर. दोन गल्ल्या पलीकडचे म्हातारे रघुनाथराव खाटेवर बसलेले, आणि मांडीवर सुपाएवढे दोन हात. हनुवटीपासून केसांपर्यंत जेवढा चेहरा, तेवढाच पंजा, हे सरांनी सौंसरच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं होतं. ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या कपाटातले उरलेले रंग बायकोने बाहेर काढले, आणि मनात येईल ते काढून ती गल्लीभर वाटत सुटली. दूधवाल्याला चष्मा लावलेली म्हैस दिली. समोरच्या मंगलाबाईंना त्यांचाच स्कूटर शिकतानाचा अवतार. रंग वाळायचीही वाट पाहत नसे. सरांचं स्वतःचं मात्र एकही चित्र कुणाच्या घरी नव्हतं. सगळी कपाटात होती, प्रत्येकात काही ना काही करायचं राहिलेलं.

लोकांनी तिला नावं ठेवू नयेत, एवढंच, असं सर स्वतःला सांगत होते. विजयाबाई सकाळीच लोधीखेड्याला बहिणीकडे गेल्या होत्या. दहा मिनिटांत दोन्ही हात मापात आले. सर मागे सरकून बघत होते, तेवढ्यात दारातून हाक आली.

"सर, दादांचं चित्र न्यायले आली. काकूंनी फोन केला होता, टेबलावर ठेवलं आहे म्हणे."

रघुनाथरावांची मुलगी शोभा होती. उद्या ये, म्हणता आलं असतं. सरांनी चित्र वर्तमानपत्रावर ठेवलं आणि तिच्या हाती दिलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती ते घेऊन परत आली. विजयाबाई शेंगा निवडत होत्या. सर खुर्चीत पेपर वाचत होते.

"काकू, दादा रुसून बसले जी," शोभा ओशाळून म्हणाली. "हे हात माहे नाहीत म्हणते. तुम्ही अंगणात पेन्सिलीनं काढलं होतं तवा किती हसले होते! म्हणे, या हातानं मी अख्खा संत्र्याचा बगीचा लावला. बाईनं बरोबर पाहिलं होतं, मग असे पोरीसारखे हात कायले केले?"

विजयाबाईंनी चित्र उजेडाकडे तिरपं धरलं. पांढऱ्याखालून तपकिरी पुसटसा दिसत होता. सरांनी पेपरचं पान उलटलं नाही.

"माझंच चुकलं गं," त्या म्हणाल्या. "घाई केली मी. सांग दादांना."

शोभा गेली. विजयाबाईंनी शेंगा निवडून संपवल्या, रंगांच्या बाटल्यांची झाकणं घट्ट लावली आणि कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिल्या.

पुढचे आठ दिवस घरात एकही चित्र झालं नाही. दूधवाल्याने विचारलं तर त्या म्हणाल्या, "हात दुखून राहिला." सर आतल्या खोलीत होते. चहाचा कप त्यांच्या हातात तसाच थंड झाला.

शेवटी जेवताना त्यांच्या तोंडून निघालं, "विजया, ते मी केलं होतं."

"माहीत आहे."

"मग शोभाला का नाही सांगितलं?"

"इतकी वर्षं गावातल्या पोरांना चित्रकला शिकवली तुम्ही. तिच्यासमोर कसं सांगू?" त्यांनी सरांना भात वाढला.

"पुन्हा काढ ना."

"काढाले बसली होती परवा. सारखं वाटते, तुम्ही मागे उभे आहात."

आवाजात राग नव्हता. राग असता तर सरांना सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते एक पाठकोरी लग्नपत्रिका, ब्रश आणि दोन रंग घेऊन रघुनाथरावांकडे गेले. हात मी छोटे केले होते, बाईंनी नाही, असं त्यांनी शोभासमोरच सांगितलं. म्हातारे खाटेवर नीट बसले आणि दोन्ही पंजे मांडीवर पसरले.

कुणासमोर बसून चित्र काढायची सरांची सवय कधीच सुटली होती. चेहरा जमला. पण हात मोठे करायला गेले आणि माप हातचं सुटलं. एक पंजा ताडाच्या पंख्यासारखा झाला, दुसऱ्याला सहा बोटं आली. खोडायला जागाच उरली नाही. शोभाने आधी पदर तोंडाला लावला. मग रघुनाथरावांनी चित्र जवळ ओढून पाहिलं आणि खोकला येईपर्यंत हसले.

"मास्तर, बाईले दाखवा जी," ते डोळे पुसत म्हणाले. "त्या नीट करून देतीन."

सरांनी घरी येऊन विजयाबाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ओली पत्रिका त्यांच्या पुढ्यात ठेवली, शेजारी ब्रश ठेवला, आणि शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले.

विजयाबाईंनी चित्र उचललं. बोटं मोजली. सर त्यांच्या हसण्याची वाट पाहत होते.

"मी नाही हात लावत," त्या म्हणाल्या.

"का? सहा बोटं आहेत त्याला."

"असू द्या. तुम्ही काढलं आहे ना?" त्यांनी पत्रिका कडेने धरून परत दिली. "दादांनाच देऊन या. वाट पाहत असतीन ते."

सरांना आणखी काही बोलायचं होतं, पण त्या उठून आत गेल्या. मग सर, रंग पुसला जाणार नाही अशी ती पत्रिका अंगापासून दूर धरून दारात पायानेच चपला शोधू लागले.