शेपटीकडे पाहणारा ससाणा

बत्तीस वर्षे संग्रहालयात विमाने अभ्यासल्यावर द्राहोमीरा वाशात्कोव्हाचा राग थंडगार आणि व्यवस्थित झाला होता. शुक्रवारी तो हिनेकच्या वाट्याला आला.

हिनेक स्मर्झ उहेर्स्के ह्रादिश्त्ये या चेक गावात विमानांच्या छोट्या प्रतिकृतींसाठी डिकॅल छापत असे: पाण्यात भिजवून नखाएवढ्या पंखांवर सरकवायची चिन्हे आणि आकडे. ती चिन्हे तपासून सोबतच्या माहितीपत्रकाचा मजकूर द्राहोमीरा लिहीत असे. या वेळचे प्रशिक्षण जेट एका चिमुकल्या देशाचे होते. त्याच्या हवाई दलात आठ विमाने होती, त्यांतली सहा उडत. एका विमानाच्या नाकावर दोन्ही बाजूंना ससाणा होता. उजवीकडचा पुढे पाहत होता. डावीकडचा, फोटोत स्पष्ट दिसे, शेपटीकडे.

"निगेटिव्ह उलटे छापलेय, बाई. मी पक्षी वळवतो."

"निगेटिव्ह उलटले की नाकही उलटते, हिनेक. पक्षी शेपटीकडेच राहतो. आरशात धरून बघ."

त्याने खरेच धरून पाहिले. कान लाल झाले.

"मग फोटोत कुणीतरी कलाकारी केलीय. गिऱ्हाईक मलाच आंधळा म्हणेल. दुपारी छपाई आहे. तोवर साक्षीदार आणा, नाहीतर वळवला."

एकदा वळवला की पुढची पुस्तके याच डिकॅलवरून चित्रे काढणार, हे तिला पक्के ठाऊक होते. पण त्याहून तिला दुसरेच कुतूहल छळत होते: अशी चिन्हे भोक पाडलेल्या साच्यातून रंगवतात; दुसऱ्या बाजूला तो साचा उलटा धरणे इतके सोपे असताना कुणी तो तसा का धरला नाही?

ते जेट जिथे बनले त्या कारखान्यातला जुना रंगारी अलोइस झ्ब्रानेक शेजारच्या खेड्यात राहत असे. वय शहाऐंशी. फोटो पाहताच त्याने स्लिवोवित्सेचा, आलुबुखाराच्या दारूचा, पेला खाली ठेवला.

"हा कुठे सापडला तुला, पोरी?"

"तुम्हीच रंगवलात ना, काका? साचा उलटा का नाही केलात?"

तो कोठारात गेला आणि गंजका पत्रा घेऊन आला. पत्र्यात ससाण्याच्या आकाराचे भोक होते. त्याने तो बादलीच्या पोटावर टेकवला, चपखल बसला. उलटा केला, तसा पत्रा बादलीवर डुगडुगू लागला.

"नाकाच्या गोलाईसाठी वाकवला होता. उलटा केला की कडा वर, रंग आत. विमान न्यायला आलेले पाहुणे फाटकात, दुसरा पत्रा कापायचा कधी? कारखान्यातले वैमानिक वर्षभर मला 'मागेबघ्या' म्हणायचे. तू आपला सरळ छाप. माझ्या नावाने आता परत हसायला नको."

द्राहोमीराने पत्रा स्वतः दोनदा बादलीवर ठेवून पाहिला. इतके साधे, इतके अचूक कारण तिला वर्षानुवर्षे मिळाले नव्हते.

"काका, सरळ छापला तर हा पत्रा खोटा पडेल."

म्हाताऱ्याने पत्र्यावरचा गंज अंगठ्याने पुसला. "बरं. पण का झाले तेही छापायचे."

तिने तिथूनच फोन लावला. "हिनेक, साक्षीदार समोर बसलाय. पक्षी आहे तसाच राहील. माहितीपत्रकात घाल: रंगाऱ्याच्या चुकीमुळे—"

"चूक?" अलोइसने बादलीवर थाप मारली. "कुणाची चूक? पत्र्याला विचार!"

तिच्या मजकुरातला शब्द आजवर कुणी बदलला नव्हता. तिने पुन्हा पत्र्याकडे पाहिले.

"खोड ते," ती फोनमध्ये म्हणाली. "लिही: साचा वाकवलेला असल्यामुळे तो एकाच अंगाने बसत असे."