उठून गेलेलीचं राज्य

लग्न ठरवताना लोक पगार विचारतात, स्वभाव विचारतात, माझ्या सासऱ्यांनी विचारलं, "पटावरचे खेळ आवडतात का?" मी हो म्हटलं आणि लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी दुपारी मला वाळवंट मिळालं.

पट सासऱ्यांनी स्वतः केलेला. तसबिरींना चौकटी करण्याचा त्यांचा धंदा, त्यामुळे जाड पुठ्ठा घरात कायम पडलेला. डोंगर आणि त्यातलं लोखंड त्यांचं, नदीकाठ आणि धान्य सासूबाईंचं, किनारा आणि मीठ आमच्या यांचं. माझ्या वाट्याला वाळू आणि लाकडी उंट.

"सुनेनं शून्यापासून सुरुवात करायची असते," सासूबाई म्हणाल्या. "मीही केली. तक्रार नको."

मधोमध जंगल, ते माझ्या नणंदेचं. सगळ्या वाटा तिथूनच जात, म्हणून ते घेतल्याशिवाय कुणालाच जिंकता येत नसे. आणि त्यावर चाल करायची सोय नव्हती. पटावरून उठलेला परत येऊन बसेपर्यंत त्याच्या राज्याला हात लावायचा नाही, हा नियम तिनंच लहानपणी भांडून करून घेतला होता, कारण ती पाणी प्यायला उठली की बाप आणि भाऊ मिळून तिची झाडं पळवायचे. कॉलेजात असताना अशाच एका दुपारी ती पाणी प्यायला उठली आणि स्वयंपाकघरात कोसळली, ती कायमचीच. डाव तेव्हापासून चालूच होता.

तिची पाळी आली की सगळे थांबत. पाणी पिऊन यायला लागावा तेवढा वेळ जाई, मग सासरे म्हणत, "बरं, पुढे." सासूबाई जंगलात धान्याचे दाणे ठेवत, तेव्हा त्यांचा हात ताटात वाढल्यासारखा मऊ होई. मला आधी हसू आलं होतं. मग येईनासं झालं.

यांची बदली झाली. दुसऱ्या शहरात आम्ही दोन खोल्या पाहूनही ठेवल्या. सासूबाईंनी मोडता घातला नाही. "जा की," त्या म्हणाल्या, "डाव तेवढा संपवून जा."

हे गप्प बसले. रुजू व्हायची तारीख जवळ आली तरी गप्पच. तेव्हा मी ठरवलं की कुणीतरी वाईटपणा घ्यायला हवा, आणि सून त्यासाठीच असते. त्या रविवारी माझी पाळी आली आणि मी उंट जंगलात नेला.

सासूबाईंनी पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते त्या घरात मी कधी पाहिलं नव्हतं.

"चाल केलीस? म्हणजे आली ती?"

"आई, हिला अजून नियम..." हे बोलू लागले.

"नियम तिला चांगले ठाऊक आहेत," सासरे हळूच म्हणाले. "समोरची येऊन बसल्याशिवाय ती चाल करेल कशी?"

चुकलं, एवढं म्हणायला मी तोंड उघडलं. म्हटलं असतं तर उंट मागे घेता आला असता. पण सासूबाई डोळे पुसत होत्या, हसतही होत्या, आणि माझ्यानं बोलवेना.

"आता पाळी जंगलाची," सासरे म्हणाले.

आम्ही थांबलो. नेहमीचा तेवढा वेळ गेला. "पुढे" कुणी म्हणालं नाही. तिघेही माझ्याकडे पाहत होते. माझा हात उठला, जंगलापाशी गेला आणि सगळ्यात मोठं झाड उचलून मी नदीवर आडवं टाकलं.

"पाणी अडवलं," मी म्हणाले. "झाड हलेपर्यंत नदीकाठाला धान्य नाही."

हा नियम मला कुणी सांगितला नव्हता.

सासूबाईंनी हातातले दाणे मुकाट्यानं खाली ठेवले. "लबाड," त्या म्हणाल्या, "अजून तशीच आहेस."

मी जराशी हलले, तशी यांनी माझं मनगट धरलं. अगदी अलगद, लहान बहिणीचं धरावं तसं.

"आता उठू नकोस हं," हे म्हणाले.