तापलेल्या भिंतीवरचा टीव्ही

मी एक जुना टीव्ही आहे, मित्रांनो. भंगारवाल्याच्या शेडमध्ये सध्या भिंतीकडे तोंड करून उभा आहे. काच शाबूत आहे, पण आतलं सगळं जळून गेलं.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा पाठीला बारीक फटी ठेवल्या होत्या. आतली गरम हवा बाहेर पडायची ती तिथूनच. तुम्हाला घाम तरी येतो. मला तेवढ्या फटीच.

मला विकत घेतलं ते शिवणकाम करणाऱ्या एका मावशींनी. मशीन चालवता चालवता त्या मालिकेतल्या खाष्ट सासूला, "थांब, तुझं तोंडच शिवते," असा दम द्यायच्या. उन्हं तापली की मला बंद करून म्हणायच्या, "घे बाबा, तूही जरा पड."

पुढे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. भाच्याने त्यांना आपल्या घरी आणलं, सोबत मलाही. भाचा मोठा मायाळू. मावशीला करमावं म्हणून त्याने मला तिच्या पलंगासमोर टांगलं आणि शोभेसाठी भोवती फळ्यांची चौकट ठोकून घेतली. ती इतकी चापूनचोपून बसली की माझ्या फटी बुजल्या.

उन्हाळा आला. भाचा आणि भाचेसून कामावर जाताना मला चालू करून जात. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत घुसायचं आणि खोलीभर पसरायचं. माझं चित्र थरथरायचं, तापलेल्या प्लॅस्टिकचा वास सुटायचा. मावशी डाव्या हाताने रिमोट चाचपून मला बंद करायच्या आणि काळ्या काचेकडे बघत पडून राहायच्या.

संध्याकाळी भाचा विचारायचा, "अगं, बंद का केलास? एकटीने भिंती काय बघत पडतेस?"

"ता... ता..." मावशी जिवाच्या आकांताने म्हणायच्या.

"ताट? भूक लागली होय? आणतो हं."

ताट यायचं. मावशी मान फिरवायच्या. "हल्ली फार हट्टी झाल्यात," भाचेसून पुटपुटायची.

मित्रांनो, मी आयुष्यभर किती माणसांचे आवाज काढले! पण हा एक शब्द मला पुरा करता येत नव्हता.

एका दुपारी मावशींच्या हातून रिमोट निसटून पलंगाखाली गेला. मी तापत गेलो. त्या हात लोंबकळवून जमीन चाचपत होत्या, माझ्याकडे बघत होत्या. मग माझ्यातून धूर निघाला.

वास आला म्हणून शेजारणीने फोन केला. दोघं धावत आले, खालच्या दुकानातला दुरुस्तीवालाही आला. "भट्टी झालीय याची," तो म्हणाला. "श्वास घ्यायला जागाच नाही ठेवलीत."

भाच्याने फळीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "म्हणजे ही तेच सांगत होती. तापलाय म्हणून!"

भाचेसून पलंगाशी उभी होती. तिचा हात मावशींच्या उशीवर होता. "अहो, इथेही हात लावा," ती हळूच म्हणाली.

भाच्याने उशीला हात लावला. तीही फळीसारखीच तापली होती. "मावशी, कोण तापलं होतं गं? तो, की तू?"

मावशींचे डोळे वाहत राहिले. त्याचं उत्तर मला अजून ठाऊक नाही.

मला खाली उतरवलं तेव्हा खिडकीला जाड पडदा लावणं चाललं होतं. पुढचं मला दिसलं नाही.

मित्रांनो, उन्हाळ्यात आमच्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. आमच्या पाठीला अधूनमधून हात लावून बघा. आणि घरात बोलता न येणारं माणूस असेल, तर आधी त्याच्या उशीला हात लावा.