ताईचा ड्रम

डेअरीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर ताई धाकट्या भावाच्या रोपवाटिकेत राहायला आली, ती एका ड्रमसकट. ड्रममध्ये गढूळ पाणी आणि त्यात सतत बुडबुडे सोडणारा छोटा पंप.

"हे काय गं आणलंस?" भावाने नाक दाबलं.

"जिवाणू आहेत, चांगले. रोपांच्या मुळांशी बिऱ्हाड करतात आणि बुरशीला पाय ठेवायला जागा देत नाहीत."

"जन्मभर औषधं मारून रोपं जगवली मी. आता उतारवयात जंतू पाळू?"

त्या हंगामात टोमॅटोची कोवळी रोपं बुडाशी कुजून माना टाकायला लागली. औषधावर औषध देऊनही मर थांबेना. भावाच्या हातांची खाज तेवढी वाढली. शेवटी तो वैतागला. "नव्याने पेरलेत त्यातले डावीकडचे ट्रे तुझे. घाल काय घोळ घालायचा तो!"

ताईने झारीने ड्रममधलं पाणी तिथे घातलं. पण पुढच्या खेपेचं पाणी तयार होत असतानाच ती तापाने फणफणली. त्यात नेमकी वीज गेली आणि पंप बंद पडला.

"हवा नाही मिळाली तर गुदमरतील रे ते," म्हणत ती उठायला लागली.

"तू पड गुपचूप!"

भाऊ तरातरा शेडमध्ये गेला आणि लाकडी फळीने दुपारभर ड्रम ढवळत बसला. खिडकीतून ताईला त्याचा आवाज येत होता. "श्वास घ्या रे बाबांनो. तुम्हाला काही झालं तर ती मला सोलून काढेल."

ताप उतरल्यावर ताई त्याचा हात धरून ट्रे बघायला गेली. डावीकडेही थोडी रोपं गेली होती, पण बाकीची ताठ उभी होती. उजवीकडे मात्र निम्मे ट्रे ओस पडले होते. भावाने डावीकडचं एक रोप अलगद उपसून मुळं पाहिली. पांढरीशुभ्र. ती पुन्हा मातीत दाबताना तो एवढंच म्हणाला, "मोठ्या ड्रमला पंपही मोठा लागेल ना?"

मग त्याने औषधांची खोली रिकामी केली, भिंती घासून धुतल्या, खिडकीला जाळी ठोकली, स्वतःच्या हाताने टेबल केलं आणि ताईला दाखवायला नेलं.

"डुगडुगतंय रे."

"भाऊ आहे मी तुझा, सुतार नाही."

ताई हसली. पुठ्ठ्याची घडी करून तिने टेबलाच्या पायाखाली सरकवली, आणि जिवाणूंची कुठली बाटली कुठे ठेवायची ते त्याला सांगायला लागली.