मिश्रीचं बोट

मनकर्णाबाईने उजव्या हाताचं बोट उचललं, ओठांजवळ नेलं आणि हिरडीवरून फिरवल्यासारखं हवेतच इकडून तिकडे हलवलं. तिला बोलता येत नव्हतं. तोंड अर्ध्या बोटाएवढंसुद्धा उघडत नव्हतं, नाकात नळी होती आणि डाव्या गालावर पट्टी.

"काय म्हणायल्यात आत्याबाई?" मंजुषाने विचारलं. "दात घासायचेत का? ब्रश देऊ?"

सून सरळ मनाची. तिने खरंच ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट घालून आणली. मनकर्णाबाईने मान फिरवली आणि पलंगाशेजारी स्टुलावर बसलेल्या लक्ष्मीबाईकडे बघत पुन्हा तेच बोट तसंच हलवलं.

लक्ष्मीबाईला बरोबर कळलं. पण ती म्हणाली, "पाणी मागायली असंल. नळीतनं सोड जरा." आणि खानावळीत जायचं निमित्त काढून उठली. तीन-चार दिवस हेच चाललं होतं. मैत्रीण मिश्री मागतेय, मरताना मागतेय, आणि आपण पाण्याच्या गोष्टी करतोय, याची तिला दिवसभर लाज वाटायची.

मिश्री म्हणजे तव्यावर करपवून कुटलेला तंबाखू. हे आपल्याकडच्या बायकांना सांगावं लागत नाही. मिश्री म्हणजे तंबाखूच, हे मात्र सांगावं लागतं. दवाखान्यातल्या उमाताई पहिल्यांदा छावणीतल्या या गल्लीत आल्या, तेव्हा या दोघी ओट्यावर बसल्या होत्या. उमाताईंनी विचारलं, "तंबाखू खाता का?"

दोघींच्याही तोंडात तेव्हा बोट होतं. लक्ष्मीबाई बाजूला थुंकली आणि आब सांभाळून म्हणाली, "नाय बाई! आमी काय गडीमाणसं हाव का तंबाखू खायला?"

"मग हे काय चाललंय?"

"दात घासायलो."

"दिवसातून किती वेळा घासता?"

मनकर्णाबाई स्वभावाने प्रामाणिक. तिने आठवून आठवून सांगितलं, "पाच-सहा बार व्हतं बगा. कधी सातबी."

"इतके घासलेले दात अख्ख्या छावणीत कुणाचे नसतील," उमाताई म्हणाल्या, आणि मनकर्णाबाई चक्क लाजली. तिला ते कौतुक वाटलं.

लक्ष्मीबाई गंगापूरकडची, मनकर्णाबाई वैजापूरची. दोघी लग्न होऊन शेजारी-शेजारी आल्या आणि एका भिंतीच्या दोन बाजूंना संसार केला. एक खानावळीत भाकरी थापायची, दुसरी नवरा गेल्यापासून बाजारात भाजी विकायची. गोडबोलेपणा दोघींतही नव्हता. सकाळी ओट्यावर बसून मिश्री लावायची, पचापचा थुंकायचं आणि गल्लीतल्या यच्चयावत माणसांची खबर घ्यायची, एवढीच काय ती चैन. बाईमाणसाला दिवसभरात कुणी बस म्हणत नाही, पण दात घासणारीला कुणी उठवतही नाही. मिश्री भाजायची मात्र लक्ष्मीबाईनेच. तिचा हात तव्याचा. मनकर्णाबाईची डबी तिच्याकडूनच भरून जायची.

उमाताईंनी त्यांना बुधवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बोलावलं. तिथं अशाच पाच-पन्नास दात घासणाऱ्या जमलेल्या. उमाताईंनी एकेकीचं तोंड बघितलं, पांढरे चट्टे आरशात दाखवले, आणि सांगितलं, "एकटीने सुटत नाही. जोडीने सोडा. तलफ आली की जोडीदारणीला गाठायचं."

या दोघींनी त्यातून आपली एक रीत काढली. 'तलफ आली' म्हणायची लाज वाटायची; जिला आली ती नुसतं दाताकडे बोट न्यायची, की दुसरी ते मधल्या मधे पकडायची आणि तलफ ओसरेपर्यंत मुठीत धरून बसायची. भाजीच्या गाड्यापाशी, खानावळीच्या मागल्या दारात, दवाखान्याच्या रांगेत, कुठंही. कडूबा, म्हणजे लक्ष्मीबाईचा नवरा, बिडी ओढत ओढत म्हणायचा, "म्हाताऱ्या कुठल्या जत्रंला निघाल्यात, येकमेकीचं बोट धरून?"

"तुमाला हरवायला," मनकर्णाबाई म्हणायची.

पहिले दिवस वाईट गेले. डोकी ठणकली, पोट साफ होईना, लक्ष्मीबाईने एका गिऱ्हाइकाच्या अंगावर भाकरी भिरकावली. पण सुटली. दोघींचीही सुटली. हळूहळू बोट धरायची गरजही उरली नाही. उमाताई नव्या बायकांना सांगायच्या, "ही जोडी बघा." दोघी पदर सावरून नवरीसारख्या बसायच्या.

आणि मग मनकर्णाबाईच्या गालात आतून फोड आला.

गल्लीतली सरूबाई सगळ्यांत आधी बोलली. "सोडली म्हणून झालं. मिश्रीनं आत दाबून ठिवला व्हता रोग." उमाताईंनी परोपरीने समजावलं, की हे आधीच्या इतक्या वर्षांचं देणं आहे, सोडण्याचं नव्हे. पण माणसाला भीती वाटली की त्याला सरूबाईचंच पटतं. बुधवारच्या निम्म्या बायका यायच्या बंद झाल्या. सरूबाईने तर दुसऱ्याच दिवशी डबी काढली. लक्ष्मीबाई जात राहिली. पण एवढ्या वर्षांची मिश्री आपल्याच हातची, हे तिला भाकरी थापताना मधेच आठवायचं आणि भाकरी करपायची.

ऑपरेशन झालं, लाइटचे शेक झाले. मग डॉक्टरांनी मंजुषाला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या.

त्या दिवशी ब्रश परत गेल्यावर लक्ष्मीबाई खानावळीत गेलीच नाही. ती बाजारात जुन्या दुकानापुढे उभी राहिली. दुकानदार खानचाचांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बहोत दिनां के बाद आए अम्मा. छोड दिए बोले थे?"

"दुसऱ्याच्या वास्ते हाय," ती म्हणाली. सगळेच असं म्हणतात, हे दोघांनाही माहीत होतं.

घरी येऊन तिने माळ्यावरचा तडकलेला तवा काढला. तंबाखू तापला आणि घरभर नाकात झोंबणारा खाट उठला. कडूबा ठसकत बाहेरून आत आला.

"पुन्यांदा धरली का काय?"

"मनकर्णेला पायजे."

 कडूबा शिंकत शिंकत बाहेर जाऊन बसला. लक्ष्मीबाई कुटायला लागली, आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. वाटलं, काय राखायचंय आता? जिच्यासाठी सोडली ती चालली. जिने सोडली तिलाच रोगाने गाठलं. बोटाला लागलेली चिमूटभर तर आहे. तिने बोट वर नेलंसुद्धा. आधी तिला देऊ, मग बघू, असं स्वतःला सांगून तिने डबी भरली आणि कमरेला खोचली.

मंजुषा चहा टाकायला आत गेल्याची संधी साधून ती मनकर्णेच्या पलंगावर अगदी जवळ बसली. डबी उघडून मांडीवर ठेवली, बोट ओलं केलं, त्यावर मिश्री उचलली.

"आणली गं," ती कानाशी म्हणाली. "आता नाय अडवत तुला. ओठ जरा सोड. हळूच लावते."

मनकर्णाबाईने त्या काळ्या बोटाकडे पाहिलं. मग लक्ष्मीबाईच्या तोंडाकडे. तिचे डोळे एकदम भरून आले. तिने चादरीतून डावा हात काढला, वर आणला आणि लक्ष्मीबाईचं बोट ओठांपाशी पोचायच्या आत मुठीत धरलं. अंगात ताकद राहिली नव्हती, पण मूठ घट्ट होती. तिने मान हलवली. नाही.

"अगं, तूच मागितली नव्हं?"

मनकर्णाबाईने मोकळा असलेला उजवा हात उचलला, बोट दाताकडे नेलं, आणि मधेच थांबवून तसंच धरलं. वाट बघत.

तेव्हा लक्ष्मीबाईला कळलं. मनकर्णेने मिश्री मागितलीच नव्हती. इतके दिवस ती सांगत होती, तलफ आलीय, बोट धर. एवढंच तर मागत होती बिचारी. आणि आपण पाणी पाजत बसलो, उठून गेलो, तवा काढला.  लक्ष्मीबाईने पुढे होऊन ते बोट आपल्या डाव्या मुठीत धरलं आणि मोठ्याने रडली. नवरा आजारी पडला तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती.

मंजुषा कप घेऊन आली, तर दोघी चारही हात अडकवून बसलेल्या.

"काय झालं मावशी? काय करायल्यात दोघी?"

"तलफ आली व्हती," लक्ष्मीबाई म्हणाली.

"कुणाला?"

"दोघींला."

चहा निवला. मनकर्णाबाईचा डोळा लागला तरी मूठ सुटली नव्हती. लक्ष्मीबाईने आपलं बोट हलकेच सोडवून घेतलं, मोरीत डबी उपडी केली आणि वर तांब्याभर पाणी ओतलं.

मनकर्णाबाई पहाटे गेली.

सकाळी अंगणात पाट मांडला, आडोसा धरला आणि बायकांनी तिला आंघोळ घालायला घेतलं. पाणी घालता घालता सरूबाईने तिचा डावा हात उचलून धरला. तळहाताच्या रेघांत आणि नखांच्या कडेला काळं बसलं होतं. सरूबाईने ते सगळ्यांना दिसेल असं फिरवलं.

"बगा बाई. मिश्री हाय. शेवटपोत्तर सुटली नाय हिची. अन् बुधवारी आमाला ग्यान सांगायच्या दोघी."

बायका वाकून बघायला लागल्या. मंजुषा पाणी आणता आणता थांबली. 

"सुटली व्हती," लक्ष्मीबाई म्हणाली.

"मग हे काय?"

"ते माझ्या बोटाचं हाय. मी लावाया बसले व्हते काल. हिनं माझा हात धरला."

सरूबाईने बाकीच्या बायकांकडे पाहिलं. उद्यापर्यंत हे गल्लीभर होणार, बुधवारपर्यंत उमाताईंच्या कानावर जाणार, हे लक्ष्मीबाईला ठाऊक होतं. तिने सरूबाईच्या हातातून तो हात काढून घेतला.

"आन पानी, मंजू."

तळहात तिने आपल्या पदराने पुसला. नखांच्या कडा एकेक करून साफ केल्या. डावा हात झाल्यावर उजवा घेतला. तो स्वच्छच होता. तरी तिने त्याचं पहिलं बोट धुतलं आणि मुठीत धरलं. मागून कुणीतरी म्हणालं, उशीर व्हायलाय. "व्हऊ द्या," ती म्हणाली, आणि तशीच धरून बसली.