मागची येऊ दे
क्रीसीमावशीपेक्षा माझा आवाज चांगला, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. तरी अमेरिकेतल्या आमच्या डरहॅम गावच्या तंबाखू कारखान्यात गाणं उचलायचा मान नऊ वर्षं तिचाच. मी आपली मागून साथ द्यायची आणि मनात जळफळायची.

आम्ही साठ काळ्या बायका पानांच्या शिरा ओढून काढायचो. गाण्याच्या ठेक्यावर हात भरभर चालतात, म्हणून गोरा मुकादम हॉबगुड स्वतःच आम्हाला गायला लावायचा. शनिवारी जिची रास सगळ्यात लहान, तिला घरचा रस्ता.

त्या आठवड्यात अर्झेलाला आठवा महिना लागलेला. पाय सुजलेले, हात उचलत नव्हते. नवरा चारच महिन्यांपूर्वी वारलेला. नोकरी सुटली तर बाळंतपणात ही बाई खाणार काय? सोमवारी क्रीसीमावशीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि आमच्या आज्यांचं गाणं काढलं, 'मागची येऊ दे गं, मग निघू'. गुलामगिरीत शेतावर एखादी थकली की तिच्या पाठीवर चाबूक पडू नये म्हणून सगळ्या हे गायच्या. ठेका इतका संथ, की साठ जणींचे हात अर्झेलाच्या हाताबरोबर पडायला लागले. तेव्हाच्या मालकांना ते भजन वाटायचं. हॉबगुडलाही वाटलं.

गुरुवारी मात्र त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मावशीला त्याने राशींच्या हिशोबातून काढून अंगण झाडायला धाडलं आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

"मॅटीलू, आजपासून तू गा. जरा जलद. जागा कायमची तुझी."

माझी जळजळ सगळ्यांना ठाऊक होती. अर्झेलाने तर मान वरसुद्धा केली नाही. माझ्याकडून तिला काडीची आशा नव्हती, आणि तेच मला झोंबलं. मी तेच गाणं उचललं, मावशीपेक्षाही संथ.

"मी जलद म्हणालो."

"साहेब, माझा गळा असाच चालतो. घाई असेल तर तुम्ही म्हणा."

बायका खुदकन हसल्या, पण ठेका कुणी सोडला नाही. मला एकटीला हाकलून भागणार नव्हतं. मागे अठ्ठावन्न जणी गात होत्या आणि शिरा काढायची पानं छताला टेकलेली.

शनिवारी हॉबगुड टेबलांभोवती तीनदा फिरला. एकोणसाठ राशी, सगळ्या सारख्या. घरी कुणाला धाडायचं ते त्याला ठरवता येईना.

सोमवारी आम्ही साठच्या साठ कामावर हजर होतो.